तीन धुणी होईपर्यंत

४ जून

आत्या गं,

आधी बातमी, मग ख्यालीखुशाली. मला ब्रँड मिळाला! 'मिळाला म्हणजे काय, हरवला होता का?' असं तू विचारणार, म्हणून नीट सांगते. मी खोलीत बसून फाटके खिसे, अडकलेल्या चेनी, झिजलेल्या कॉलरी दुरुस्त करते आणि त्याचे व्हिडिओ टाकते, हे तुला माहीतच आहे. सगळं तुझ्याच शिवणवर्गात शिकलेलं. आता बघणारी माणसं अठरा हजारांवर गेलीत. म्हणून कपडे चिकटवायचा गोंद बनवणाऱ्या एका कंपनीला वाटलं, की ही पोरगी आपल्या गोंदाबद्दल चांगलं बोलली तर लोक घेतील.

कंपनी थेट बोलत नाही हं. मध्ये एक एजन्सी असते. तिथली एक बाई आहे, केस इतके सरळ की इस्त्री केल्यासारखे. परवा तिने मला कंपनीच्या ऑफिसात नेलं. नववा मजला, सगळ्या भिंती काचेच्या, दारात छातीवर चिकटवायला 'पाहुणा' असं लिहिलेला कागद देतात. मी दोन तास तो उलटा लावून फिरले, एक माणूस बोलला असेल तर शपथ! आत मॅनेजरने मोठ्या पडद्यावर माझेच व्हिडिओ दाखवले. कितव्या सेकंदाला लोक कंटाळून निघून जातात तेही दाखवलं. नवव्या सेकंदाला जातात गं मेले.

आधी एक व्हिडिओ. तो त्यांना आवडला तर वर्षभराचं काम. आत्या, वर्षभराचं! बाबांनी मला ३० सप्टेंबरपर्यंतची मुदत दिलीय ना? तोवर माझं मी निभावलं नाही, तर परत येऊन त्यांच्या मित्राच्या ऑफिसात फायली लावायच्या. हे काम झालं तर मी इथेच राहीन, हेच करत. नाही झालं तर सामान बांधायचं.

सोबत दोन ट्यूब पाठवतेय. वापरून बघ. डावा कान कसा आहे? फोन करावासा वाटतो, पण मागच्या वेळी मी पाच मिनिटं बोलले आणि तू म्हणालीस, 'हो हो, जेवले.' त्यापेक्षा पत्रच बरं.

तुझी भिंगरी

११ जून

भिंगरे,

पत्र पोचलं. ट्यूब पोचल्या. वर्गातल्या चष्मेवालीने एक उघडली आणि तिची दोन बोटं तासभर एकमेकांना सोडेनात. म्हणजे चिकटतो तर खरा.

ती मधली बाई मला स्थळं जुळवणाऱ्यांपैकी वाटली. मुलाकडे मुलीचे गोडवे, मुलीकडे मुलाचे, आणि संसार तुमचा तुम्ही बघा. असू दे. तुझं काम व्हावं असं मला किती वाटतं ते कागदावर मावायचं नाही. तुझा बाप माझा धाकटा भाऊ, त्याला मी बोट धरून चालायला शिकवलंय, पण मुदती घालायला कुणी शिकवलं कोण जाणे.

एकच विचारते. गोंदाबद्दल बोलायच्या आधी वर्गाचा नियम आठवला ना? दुरुस्ती टिकेल असं गिऱ्हाइकाला सांगायचं, तर आधी तीन धुणी. एक थंड पाण्यात, एक गरम पाण्यात, एक घासून पिळून. तोवर तोंडाला कुलूप. तू पंधरा वर्षांची असताना शेजारच्या मास्तरांची विजार उसवली होती. धुण्याआधीच 'बिनधास्त घाला' म्हणालीस, आणि मास्तर भर वर्गात खडू उचलायला वाकले. पुढचं लिहीत नाही, चष्मेवाली खांद्यावरून वाचतेय आणि हसून हसून तिचा चष्मा घसरलाय.

मी तुझ्या गोंदाला आजच पाण्यात घालते. पाच कापडं घेतलीत. निकाल कळवीन, तोवर तू बोलू नकोस.

डावा कान शाबूत आहे. काळजी करू नकोस.

तुझी आत्या

१७ जून

आत्या गं,

तुझी धुणी सावकाश होऊ दे, घाई नाही. इथली रीत जरा वेगळी असते. कंपनी एक कागद पाठवते, त्यात काय दाखवायचं, काय बोलायचं, ट्यूब कुठल्या हातात धरायची, सगळं लिहिलेलं. त्यावरून मी लिहायचं, ते तीन जणांनी वाचून लाल करायचं, मग चित्रीकरण, मग पुन्हा तीन जण. ट्यूब डाव्या हातात धरली म्हणून एक अख्खा दिवस परत केला. माझ्या खोलीचं तर गोदाम झालंय. आवाज घुमू नये म्हणून खिडकीला गादी उभी केलीय, त्यामुळे जमिनीवर झोपते. वरच्या मजल्यावरच्या माणसाला नेमकं मी 'नमस्कार' म्हटलं की भिंतीत खिळा ठोकायचा असतो.

कच्चा व्हिडिओ झालाय. पाच जुलैला सगळ्यांना दिसेल. चष्मेवालीच्या फोनवर पाठवलाय, तिला म्हणावं टीव्हीवर मोठा करून दाखव. बघ आणि कसा वाटला सांग. मॅनेजर तर खूश आहे. बाबांना अजून काही सांगितलं नाही, एकदम सांगेन.

बाकी सगळं छान. जेवते वेळेवर.

भिंगरी

२४ जून

भिंगरे,

आधी निकाल. जाड सुती पँट : तिन्ही धुण्यांत पास, शिवणीपेक्षा बरी. चादर : पास. पडद्याचं कापड : पास. ताणणारा बनियन : पहिल्याच धुण्यात गेला. पातळ सिंथेटिक ब्लाउजचं कापड : दुसऱ्या धुण्यात, गरम पाण्यात, सोलपटासारखं सुटून आलं. म्हणजे वस्तू वाईट नाही. कुठे लावायची ते कळलं पाहिजे.

आता व्हिडिओ. चष्मेवालीच्या टीव्हीवर पाहिला. तिच्याकडचा पंखा फार घरघरतो, त्यामुळे तुझं बोलणं नीट कानावर आलं नाही. पण तुझे हात पाहिले. एरवी तू दुरुस्ती झाली की अंगठे रोवून कापड टराटरा ताणून दाखवतेस, जणू म्हणतेस, बघा, फाटतंय का. या वेळी तू ते पातळ निळं कापड ओंजळीत धरलंस, दुमडून, ताण न देता. आजाऱ्याला उठवताना धरतात तसं. भिंगरे, मी तुझ्या हातांना सुई धरायला शिकवलंय. ते घाबरले होते.

तोंडाने काय म्हणालीस ते खरं खरं कळव.

आणि एक काम मी करून टाकलं. ट्यूबवर बारीक अक्षरात छापलंय, 'आपला अनुभव आम्हाला जरूर कळवा', खाली पत्ता. एवढं आग्रहाने विचारलंय, तर न सांगणं बरं दिसत नाही. पाचही कापडांचे तुकडे पुठ्ठ्यावर टाचले, प्रत्येकाखाली धाग्याने भरून लिहिलं, कोणतं कापड, कितवं धुणं. पत्रात लिहिलं, की माझी भाची तुमच्याकडे काम करते, गुणी मुलगी आहे, ती बोलण्याआधी हे तुम्हाला माहीत असावं. कालच पोस्टात टाकलं.

तुझी आत्या

३० जून

आत्या,

काय करून बसलीस तू?

ट्यूबवरचं ते वाक्य सगळ्याच डब्यांवर असतं! साबणावर असतं, झाडूवर असतं. कुणी कळवायचं नसतं गं! जगात एकच बाई निघाली कळवणारी, तीही माझी आत्या, तीही माझं नाव घेऊन!

काल मधल्या बाईचा फोन आला. तुझा पुठ्ठा मॅनेजरच्या टेबलावर आहे. व्हिडिओ थांबवलाय. ती म्हणाली, 'तुमच्या घरच्यांना कळत नसेल तर कशाला सांगता त्यांना?' तीन आठवडे जमिनीवर झोपून काय मिळवलं? आता सप्टेंबर संपला की फायली.

आणि हात घाबरले म्हणे! मी किती सांभाळून बोलले होते त्यात. एकेक शब्द तोलून मापून. तू ऐकलंस तरी का? नुसतं बघून न्याय करून मोकळी झालीस. माझं म्हणणं एकदा, फक्त एकदा नीट ऐकून घेतलं असतंस, तर हे झालं नसतं.

मला काही दिवस पत्र पाठवू नकोस.

१४ जुलै

भिंगरे,

पाठवू नकोस म्हणालीस, म्हणून दहा दिवस दम धरला. त्याहून जास्त जमत नाही, माफ कर.

एकदा नीट ऐकून घ्यायचं होतं म्हणालीस. बाई गं, मी तुझं एकदाही ऐकलेलं नाही.

चष्मेवालीच्या घरात पंखाच नाही. डावा कान मागच्या थंडीतच गेला. उजवा आधीच गेला होता. डॉक्टरांनी मशीन लावून पाहिलं, त्याने नुसती शिट्टी वाजते. तुला कळवलं असतं तर तू सगळं टाकून धावत आली असतीस, आणि तुझ्या बापाला आयतं निमित्त मिळालं असतं. म्हणून गप्प राहिले. तुझे त्रेचाळीस व्हिडिओ पाहिलेत मी, काही तर पाच पाच वेळा. तू हसतेस ते दिसतं, मान डोलावतेस ते दिसतं, ओठ हलतात. काय बोलतेस ते मला माहीत नाही. मी फक्त हात बघते. ते मला पुरे होतं, असं स्वतःला सांगत होते.

तेव्हा मी न ऐकता न्याय केला हे खरंच आहे. आणि कंपनीला तुला न विचारता लिहिलं, ती माझी चूक. मला वाटलं विचारतायत तर सांगावं. मूर्खासारखं केलं. तुझं काम गेलं असेल तर ते माझ्यामुळे गेलं, आणि ते माझ्या जिवाला लागलंय. मी त्यांना पुन्हा लिहू का, की म्हातारीच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका म्हणून? तू सांगशील तसं करते.

पण पुठ्ठ्यावर टाचलंय ते खरं आहे. ते मला परत घेता येणार नाही.

आत्या

२१ जुलै

आत्या, माझी आत्या,

तुझं पत्र जिन्यातच फोडलं आणि तिसऱ्या पायरीवर बसून लहान मुलासारखी रडले. वरचा खिळेवाला तिथूनच जात होता, तो बिचारा पाण्याचा ग्लास घेऊन आला. माणूस चांगला आहे, नवीन घरात कपाटं लावतोय एवढंच.

मी तुला 'ऐकलंस तरी का' असं लिहिलं. मी! सहा वर्षं ज्या बाईला नीट ऐकू येत नाही म्हणून पत्रं लिहितेय तिला! आणि माझ्या एकाही व्हिडिओवर खाली अक्षरं नाहीत. त्रेचाळीसपैकी एकावरही नाही. बटण दाबलं की येतात गं ती, पण चुका फार होतात, 'रफू' म्हटलं तर 'रफ' उमटतं, बसून दुरुस्त करावं लागतं, म्हणून मी कंटाळा केला. तुझ्याबद्दल तर कधी मनातसुद्धा आलं नाही.

आता माझं ऐक. म्हणजे वाच. व्हिडिओत मी म्हणाले होते, 'हा गोंद मी महिनाभर वापरतेय, कुठल्याही कपड्यावर चालतो.' ट्यूब हातात येऊन जेमतेम दहा-बारा दिवस झाले होते. तू बोलू नकोस म्हणालीस ते पत्र आलं त्याच सकाळी चित्रीकरण होतं. वाचलं, घडी घालून गादीमागे खोचलं, आणि बोलले. निळं कापड मी आदल्या दिवशी धुऊन पाहिलं होतं. सुटलं होतं. मला माहीत होतं, आत्या. हातांनाही माहीत होतं. शब्द तोलून मापून होते ते त्यांच्यासाठी, माझे नव्हते.

परवा कंपनीतून बोलावणं आलं. मला वाटलं, झाडतील. मॅनेजर होती, मधली बाई होती, आणि कोपऱ्यात एक टक्कल पडलेला माणूस तुझा पुठ्ठा मांडीवर घेऊन बसला होता. तो तिथला रसायनवाला, गोंद त्याने बनवलाय. अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाला, 'हे हाताने भरलंय?' मग म्हणाला, 'पातळ सिंथेटिकवर टिकत नाही, हे मी या खोलीत चार वेळा सांगितलंय. माझ्या आकड्यांकडे कुणी बघत नाही. हे बघताय ना सगळे.'

मधली बाई मला नजरेने गप्प बस सांगत होती. मी गप्प बसले नाही. म्हटलं, तो व्हिडिओ टाकू नका, तो खोटा आहे. मला दुसरा करू द्या. पाच कापडं, तीन धुणी, सगळं कॅमेऱ्यासमोर. दोन सुटतील ती सुटताना दाखवीन, तीन टिकतील ती ताणून दाखवीन. मॅनेजर म्हणाली, 'स्वतःच्या जाहिरातीत माल सुटताना कोण दाखवतं?' मी म्हटलं, माझी आत्या. ती हसली नाही. वर विचारून सांगते म्हणाली. मधल्या बाईने लिफ्टमध्येच मला कळवलं, की यापुढे ती माझ्यासाठी काम बघणार नाही.

कंपनीला काही लिहू नकोस. एक अक्षर मागे घेऊ नकोस. मी रोज दोन व्हिडिओंना अक्षरं लावतेय. झाले की चष्मेवालीला कळवते.

तुझीच भिंगरी

१६ ऑगस्ट

भिंगरे,

काल दुपारी वर्ग बंद ठेवला. चष्मेवालीने टीव्ही लावला, खाली अक्षरं आली. पहिल्या व्हिडिओत पहिलंच वाक्य : 'माझी आत्या म्हणते, भोक झाकू नका, आधी त्याच्या कडा नीट करा.'

मला वाटलं, एखाद्या वेळी म्हणाली असेल. दुसरा लावला. 'माझी आत्या म्हणते.' तिसरा. 'आत्या असती तर आत्ता माझ्या बोटावर पट्टी मारली असती.' अगं, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस! सहा महिने तू अठरा हजार माणसांना माझ्याबद्दल सांगतेयस आणि मला पत्ता नाही! मी इथे खुर्चीत बसून तुझे हात बघतेय आणि म्हणतेय, पोरगी बोलते तरी काय एवढं?

चष्मेवालीने वहीत लिहून दाखवलं, 'बाई, तुम्हाला माहीत नव्हतं? आम्हाला वाटलं, ती पत्रात लिहीत असेल आणि तुम्ही लाजता म्हणून काही बोलत नाही.' मी तिला स्वयंपाकघरात पाणी आणायला पाठवलं आणि पदर डोळ्यांना लावला.

दोन दुरुस्त्या. बाविसाव्यात तू म्हणतेस, आत्या कधी चिडत नाही. हे कोण आत्या? आणि एकतिसाव्यात बटणाला चार टाके म्हणालीस, मी सहा शिकवलेत. खालची अक्षरं बदल.

कंपनी हो म्हणो की नाही म्हणो, तू त्या खोलीत उभी राहून बोललीस, ते मला वर्षभराच्या कामाहून मोठं वाटतं. तुझ्या बापाला मी आजच लिहितेय. त्याला त्याच्या मुदतीसकट धुऊन पिळून काढते.

तुझी आत्या (चिडणारी)

२३ सप्टेंबर

आत्या गं,

धावतपळत लिहितेय. 'हो' म्हणाले!

तीन धुण्यांच्या व्हिडिओला वरून परवानगी आली आणि तो गेल्या सोमवारी टाकला. वर ठळक लिहिलं, ही जाहिरात आहे, आणि खाली सगळी अक्षरं. बनियन सुटला तेव्हा मी तशीच बघत राहिले, काही झाकलं नाही. नवव्या सेकंदाला कुणी गेलं नाही म्हणे, बनियनचं काय होतंय ते बघायला थांबले. मॅनेजरने स्वतः फोन केला, मधल्या बाईविना. नव्या डब्यावर आता छापणार आहेत, कुठल्या कापडावर लावू नये ते. रसायनवाल्याने तुझा पुठ्ठा चौकट करून आपल्या टेबलामागे लावलाय.

वर्षभराचं नाही, सहा महिन्यांचं काम आहे. त्यांची कुठलीही वस्तू आली की आधी धुवायची, मग बोलायचं, आणि मी सुटलं म्हटलं तर ते कापू शकणार नाहीत. हे मी कागदावर लिहून घेतलं. सहा महिने मला पुरतात. पुढचं पुढे.

बाबांचा फोन आला होता. बराच वेळ हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, 'तो बनियन माझ्यासारखाच, पहिल्या धुण्यात सुटला.' आणि ठेवता ठेवता, 'ते सप्टेंबरचं राहू दे.' काय लिहिलंस गं त्यांना?

आता माझं मागणं. पुढच्या व्हिडिओत रफू शिकवायचं आहे, आणि ते माझ्या हातांनी नको, तुझ्या हातांनी. मी नुसती बाजूला बसून बोलेन. खिडकीची गादी काढलीय, तू तिच्यावर झोप. येशील? शनिवारी संध्याकाळची गाडी मिळते. मी स्टेशनवर उभी राहीन, तू उतरलीस की जोरात हाक मारीन.

भिंगरी

२७ सप्टेंबर

भिंगरे,

येते. चष्मेवाली आठवडाभर वर्ग सांभाळणार आहे, देव त्या मुलींचं रक्षण करो. सुया, चिमटा आणि माझी लाकडी रिंग घेतलीय. तुझ्या बापाला काय लिहिलं ते त्याचं नि माझं.

गादी मला नको, जमीन चालते. आणि स्टेशनवर हाक मारू नकोस, मला कुठली ऐकू येणार? तू फक्त हात वर कर. कितीही गर्दी असू दे, तो मी बरोबर ओळखते.

तुझी आत्या